जाळीला भोकं असतात, तरी आग बाहेर का येत नाही? खाणीतल्या अभयदीपाची गोष्ट

दर काही महिन्यांनी जगाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून बातमी येते: कोळशाच्या खाणीत मिथेनचा स्फोट, इतके ठार, इतके आत अडकलेले. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न साधाच येतो. खाणीत गॅस असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग तिथं ठिणगी जाऊच कशी देतात?

मला मात्र त्याहून विचित्र प्रश्न पडला होता, तोही बल्लारपुरात एका ओळखीच्या काकांच्या घरी. काका भूमिगत खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे आपल्या हद्दीतली माणसं आणि त्यांची सुरक्षितता यांची जबाबदारी असलेला माणूस. त्यांच्या शोकेसमध्ये वीतभर उंचीचा एक पितळी कंदील होता. खाली तेलाची टाकी, मध्ये जाड काच, वर तारेची बारीक जाळी, आणि टोकाला अडकवायचा आकडा. हा कंदील पेटवून ते खाणीत गॅस शोधायला जात असत. पेटता कंदील घेऊन गॅस शोधायला! घरी सिलिंडर गळतोय असा वास आला तर आपण दिव्याच्या बटणालाही हात लावत नाही. त्या कंदिलाला अभयदीप म्हणतात, इंग्रजीत सेफ्टी लॅम्प. त्याला दोनशे वर्षं होऊन गेली, आणि त्याची करामत आजही नीट समजून घेण्यासारखी आहे.

खाणीत गॅस येतो कुठून?

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडंझुडपं. ती दाबाखाली कुजत, तापत कोळसा झाली, तेव्हा त्यातून मिथेन वायूही तयार झाला आणि कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहिला. कोळसा फोडला की तो सुटतो. कधी हळूहळू झिरपतो, तर कधी एखाद्या भेगेतून फुसफुस आवाज करत जोरात बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. (आपल्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो.) मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताशी जाऊन साचतो.

इंग्लंडचे खाणकामगार या गॅसला ‘फायरडॅम्प’ म्हणत. यातल्या ‘डॅम्प’चा ओलाव्याशी संबंध नाही, वाफ किंवा वायू या अर्थाच्या जर्मन शब्दाशी त्याचं नातं आहे. मी इथून पुढे मिथेनच म्हणेन.

मिथेन हवेत असला की लगेच स्फोट होतो असं नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं तरच मिश्रण स्फोटक होतं, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास ते सगळ्यात भयंकर असतं. पाचाच्या खाली जळायला पुरेसा गॅस नसतो, पंधराच्या वर जळायला पुरेशी हवा नसते. चुलीत एकच काटकी टाकली तर जाळ धरत नाही, आणि लाकडं ठासून भरली तर नुसता धूर होतो, तसंच हे.

आणखी एक गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. स्फोटात भाजून जितके मरतात, त्याहून जास्त माणसं अनेकदा नंतरच्या विषारी हवेनं मरतात. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ज्वाळा जिथं पोचल्याही नव्हत्या, तिथपर्यंत तो पसरतो.

अभयदीपाच्या आधी काय करत?

मेणबत्ती. खरंच, उघडी मेणबत्ती. कोळसा वरवरच्या थरांतून काढत होते तोवर तेवढ्यावर भागलं. अठराव्या शतकात वाफेच्या पंपांमुळे खोल खाणीतलं पाणी उपसता येऊ लागलं, माणसं आणखी खाली उतरली, आणि मिथेनशी रोजची गाठ पडू लागली.

तेव्हाचे उपाय वाचून अंगावर काटा येतो. काही खाणींत एक माणूस ठेवलेला असे. भिजवलेले जाड कपडे अंगावर गुंडाळून तो सगळ्यांच्या आधी आत शिरायचा, जमिनीला चिकटून सरपटत जायचा, आणि लांब काठीच्या टोकाला बांधलेली मेणबत्ती छताकडे नेऊन साचलेला गॅस मुद्दाम पेटवून द्यायचा. ज्वाळा डोक्यावरून निघून गेल्या की बाकीच्यांनी कामाला यायचं. फ्रान्समध्ये अशा माणसाला प्रायश्चित्त घेणारा या अर्थाच्या नावानं ओळखत.

इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्लाइल स्पेडिंगनं ‘स्टील मिल’ नावाचं एक यंत्र काढलं. एका मुलाच्या छातीवर छोटी लोखंडी चौकट बांधायची. त्यानं दांडा फिरवत राहायचं, म्हणजे पोलादी चकती गारगोटीवर घासून ठिणग्यांचा फवारा उडायचा. त्या ठिणग्यांच्या उजेडात दुसऱ्यानं कोळसा फोडायचा. ठिणग्या मिथेन पेटवण्याइतक्या गरम नसतात अशी समजूत होती. ती खोटी ठरली. या यंत्रानंही स्फोट झाले. स्पेडिंग स्वतः १७५५ मध्ये खाणीतल्या स्फोटातच गेला. जिथं तेही जमत नव्हतं तिथं सडत आलेल्या माशांच्या कातडीचा मंद उजेड वापरून पाहिल्याच्या नोंदी आहेत. माणसं किती अगतिक असतील, याचा अंदाज यावरून यावा.

मग २५ मे १८१२ उजाडला. ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी गेट्सहेडजवळ फेलिंग नावाची खाण होती. तिथं स्फोट झाला आणि ९२ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. आतली आग विझावी म्हणून खाणीचं तोंड बंद करावं लागलं. मृतदेह बाहेर काढायला सुरुवात झाली ती जुलैत. आपल्या माणसाचा देह हाती येण्यासाठी त्या बायकांनी सहा-सात आठवडे वाट पाहिली.

त्या भागात अशा स्फोटांची वाच्यता फारशी होऊ नये याकडे खाणमालकांचा कल असे. तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी तो संकेत मोडला. खाणीचा नकाशा आणि मृतांची नावं यांसह सगळी हकिगत त्यांनी छापून प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १८१३ मध्ये, खाणींतले अपघात टाळण्यासाठी संडरलंडमध्ये एक संस्था उभी राहिली. अभयदीप प्रयोगशाळेत तयार झाला असं आपण वाचतो, पण त्याची सुरुवात या छापलेल्या नावांच्या यादीपासून झाली असं मला वाटतं.

आता मुख्य कोडं: भोकांतून आग का जात नाही?

शाळेच्या प्रयोगशाळेत बन्सन बर्नरवर तारेची जाळी धरलेली आठवते का? खालची ज्योत जाळीला टेकते आणि तिथंच चपटी होते, वर येत नाही. आमच्या सरांनी उलटाही प्रयोग दाखवला होता. आधी गॅस सोडायचा, वर जाळी धरायची आणि जाळीच्या वर काडी लावायची. ज्योत जाळीच्या वर तरंगत जळते, खालचा गॅस तसाच राहतो. (हे घरच्या शेगडीवर करून पाहू नका.) गॅस जाळीतून आरपार जातोय हे उघड आहे. मग आगच का अडते?

आग ही वस्तू नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ज्योत पुढे सरकते ती पणतीनं पणती लावत जावी तशी. जळणारा गॅसचा थर शेजारच्या थराला तापवतो, तो पुरेसा तापला की पेटतो आणि त्याच्या पुढच्याला तापवतो. मिथेन पेटायला सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. गॅस एवढा तापायच्या आत ही साखळी कुठेही तोडली की ज्योत थांबली.

साखळी तोडण्याचं काम धातू करतो. घाईत असताना आपण चहा कपातून बशीत ओततो. चहा तोच, पण पसरट बशीत त्याचा जास्त भाग थंड पृष्ठभागाला टेकतो आणि तो पटकन निवतो. जाळीचं प्रत्येक भोक गॅससाठी ही बशी असते. ज्योत बारीक भोकात शिरते तेव्हा तिच्या चहूबाजूंना धातू असतो, आणि धातू उष्णता झपाट्यानं ओढून घेऊन सगळ्या जाळीभर पसरवतो. पलीकडे बाहेर पडेपर्यंत गॅस इतका निवलेला असतो की बाहेरच्या मिथेनला तो पेटवू शकत नाही.

म्हणजे जाळी आगीला अडवत नाही. ती आगीतली उष्णता काढून घेते.

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीनं आपल्या अभयदीपासाठी ठरवलेल्या जाळीत दर इंचाला २८ भोकं होती, म्हणजे एका चौरस इंचात ७८४. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत शंभराच्या आसपास भोकं. भोकं याहून मोठी असली तर गॅसच्या मधल्या भागाला धातूचा स्पर्शच होत नाही आणि तो गरमच्या गरम बाहेर निसटतो.

मग काचेचा बंद डबाच का नाही केला?

कारण ज्योतीला हवा लागते, आणि त्या खाणीत जी हवा आहे तीच आत घ्यावी लागते. तिच्यात मिथेन असणारच.

आयरिश डॉक्टर विल्यम रीड क्लॅनी संडरलंडमध्ये व्यवसाय करत होता. त्याचा पहिला दिवा १८१३ चा. त्यात हवा भात्यानं आत ढकलायची आणि ती पाण्यातून बुडबुडत दिव्यात जायची. आत स्फोट झालाच तरी पाण्यामुळे तो बाहेर यायचा नाही. कल्पना खरी होती, पण दिवा अवजड होता आणि भाता सतत कुणीतरी मारत राहावा लागायचा. बसून किंवा आडवं होऊन कोळसा फोडणाऱ्या माणसाला तो काय कामाचा? तरीही पहिलं पाऊल टाकल्याचं श्रेय मी क्लॅनीला देईन. पुढे अनेक वर्षांनी खाली काच आणि वर जाळी असा सुटसुटीत दिवाही त्यानंच पुढे आणला. काकांच्या शोकेसमधला कंदील त्याच घराण्यातला.

दिवा कोणाचा? डेव्हीचा की स्टीफन्सनचा?

शाळेत आपण ‘डेव्हीचा अभयदीप’ असं शिकतो. हे निम्मं खरं आहे.

१८१५ च्या ऑगस्टमध्ये डेव्ही न्यूकॅसलला आला. तो तेव्हा ब्रिटनमधला सगळ्यात नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ होता. हॉजसन आणि खाणतज्ज्ञ जॉन बडल यांना तो भेटला, हेबर्नच्या खाणीतला गॅस त्यानं लंडनला मागवून घेतला आणि मायकेल फॅरडे या तरुण मदतनिसाला घेऊन कामाला लागला. बारीक धातूच्या नळीतून ज्योत पुढे जात नाही हे त्याला दिसलं. नळी अरुंद असेल तर ती आखूड करता येते, अशा पायऱ्या चढत तो जाळीपर्यंत पोचला, कारण जाळी म्हणजे हजारो अगदी आखूड नळ्याच. ९ नोव्हेंबर १८१५ ला त्याचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला आणि जानेवारी १८१६ मध्ये जाळीचा दिवा हेबर्नच्या खाणीत उतरला.

पण २१ ऑक्टोबर १८१५ ला, म्हणजे या निबंधाच्या आधीच, किलिंगवर्थच्या खाणीत एक माणूस आपला दिवा घेऊन थेट गॅस सुटत असलेल्या भेगेसमोर गेला होता. बरोबरचे लोक मागे थांबले, हा पुढे गेला. दिवा विझला, स्फोट झाला नाही. हा खाणीचा यंत्रकामगार होता जॉर्ज स्टीफन्सन, जो पुढे रेल्वेमुळे जगभर माहीत झाला. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या दिव्यात काचेची नळी होती आणि हवा आत येण्यासाठी बारीक वाट. दिवा का चालतो याचं त्यानं दिलेलं कारण डेव्हीच्या कारणाइतकं पक्कं नव्हतं, पण त्याचा दिवा काम करत होता.

डेव्हीला हे मानवलं नाही. शास्त्र न शिकलेल्या मजुरानं हे स्वतःच्या डोक्यानं केलं असेल यावर त्याचा विश्वासच बसेना. खाणमालकांनी डेव्हीला सुमारे अडीच हजार पौंडांची चांदीची भांडी भेट दिली आणि स्टीफन्सनच्या हातावर सुमारे १०० पौंड ठेवले. मग टाइनकाठचे लोक चिडले. त्याच्या बाजूच्या लोकांनी वर्गणी काढून हजार पौंड जमवले आणि त्याचा सत्कार केला. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं चौकशी केली, तेव्हा स्टीफन्सनचा दावाही मान्य झाला.

माझं मत सांगायचं तर दोघांनी एकमेकांचं चोरलं नव्हतं. डेव्हीनं ‘का’चं उत्तर शोधलं आणि स्टीफन्सननं ‘कसं’चं, तेही स्वतःचा जीव पणाला लावून. डेव्हीच्या एका निर्णयाबद्दल मात्र मनापासून आदर वाटतो: मित्रांनी सुचवूनही त्यानं पेटंट घेतलं नाही. हा दिवा कुणीही बनवावा, वापरावा, अशी त्याची भूमिका होती. पुढे ती चांदीची भांडी वितळवून त्या पैशातून रॉयल सोसायटीचं ‘डेव्ही पदक’ सुरू झालं.

दिवा आला, मग माणसं मरायची थांबली का?

नाही. या गोष्टीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब हीच आहे. त्याच १८३५ च्या समितीपुढे आकडे आले. डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड या खाणींच्या परगण्यांत १८१६ च्या आधीच्या १८ वर्षांत ४४७ जण गेले होते. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत गेले ५३८.

म्हणजे दिवा फसवा होता का? तसं म्हणता येणार नाही, कारण कोळशाचं उत्पादन आणि कामगारांची संख्या दोन्ही वाढली होती. पण दुसरंही काहीतरी घडत होतं. गॅसमुळे जे थर सोडून दिले होते, छताला आधार म्हणून जे कोळशाचे खांब तसेच ठेवले होते, तिथं आता ‘दिवा आहे ना’ म्हणून माणसं पाठवली जाऊ लागली. हवा खेळती ठेवायला नवीन विहीर खोदणं महाग होतं, दिवा स्वस्त. धोका कमी करण्यासाठी आलेली वस्तू मालकांनी जास्त धोक्याच्या जागी जाण्याचा परवाना म्हणून वापरली. १८३५ च्या जूनमध्ये वॉल्सएंडच्या खाणीत शंभराहून जास्त माणसं आणि मुलं मेली. त्या खाणीचा कारभार डेव्हीच्या दिव्याचा मोठा पुरस्कर्ता असलेल्या बडलकडेच होता.

दिव्याचे स्वतःचे दोषही होते. जाळी उष्णता ओढून घेते, पण गॅस आत जळतच राहिला तर ती स्वतः लालबुंद होते, आणि तापलेली बशी चहा काय निववणार? एखादी तार तुटली, गंजून एक भोक मोठं झालं, तर तेवढंही पुरतं. हवेचा जोरदार झोत आला तर तो ज्योत जाळीतून बाहेर ढकलतो. डेव्हीच्या मूळ दिव्याला सेकंदाला दीड-दोन मीटरचा झोतही धोक्याचा होता; भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग तेवढाच असतो. खाणींतली हवा खेळती करायला पंखे आले, झोत वाढला, आणि उघड्या जाळीचा दिवा चांगल्या हवेच्या खाणीतच धोकादायक ठरू लागला. मग जाळीभोवती पत्र्याचं टोपण आलं. बेल्जियममध्ये म्यूसेलर आणि फ्रान्समध्ये मार्सो यांनी आणखी सुधारलेले दिवे केले.

कामगारच दिवा उघडत, मग दोष कोणाचा?

हा आक्षेप तेव्हाही घेतला जायचा. हे खरं आहे की कामगार दिवा उघडायचे. कुणी चिलीम पेटवायला, कुणी उजेडासाठी. पण डेव्हीच्या दिव्याचा उजेड मेणबत्तीच्या काही अंशानंच असायचा. मजुरी भरलेल्या डब्यांवर मिळायची. ज्याला समोरचा कोळसा धड दिसत नाही त्याचे डबे कमी भरणार आणि घरी भाकरी कमी जाणार. अंधुक उजेडात वर्षानुवर्षं काम करून अनेकांना डोळ्यांची बुबुळं थरथरत राहण्याचा आजार जडला. ब्रिटनमध्ये पुढे त्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागली. मालकांनी उत्तर म्हणून दिव्यांना कुलपं लावली. आधी साधी, मग शिशाच्या सीलची, मग चुंबकानंच उघडणारी. कुलूप गरजेचं होतंच, पण उजेड वाढवण्याकडे तितक्याच तातडीनं लक्ष गेलं असतं तर कुलपाची गरज कमी पडली असती.

आता बॅटरीचे दिवे आहेत, मग हा कंदील कशाला?

विसाव्या शतकात टोपीवर लावायचे विजेचे दिवे आले आणि उजेडासाठी ज्योतीची गरज संपली. पण तोवर दिव्याला दुसरं काम मिळालं होतं. तो हवेची बातमी सांगत होता.

हवेत थोडा मिथेन असला तर तो ज्योतीच्या भोवती जळतो आणि ज्योतीवर फिकट निळं टोपरं दिसतं. गॅस जितका जास्त तितकं ते उंच. आणि प्राणवायू १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते, माणूस कोसळण्याच्या आधी. एकाच वस्तूनं या दोन्ही गोष्टी सांगणं, तेही बॅटरीशिवाय, ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे सरदार किंवा त्याच्या वरचा ओव्हरमन व्हायचं तर गॅस तपासण्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आता मिथेनचं प्रमाण आकड्यात दाखवणारी उपकरणं आहेत आणि हवेत सव्वा टक्का गॅस आढळला की त्या भागातली वीज तोडायची, असा नियम आहे. सव्वा टक्का म्हणजे स्फोटाच्या हद्दीच्या कितीतरी अलीकडे. जाळीचं तत्त्व तर खाणीबाहेरही पोचलंय. पेट्रोल साठवण्याच्या टाक्यांच्या श्वासनळ्यांवर ज्वाला रोखणारे जे भाग बसवतात, ते याच हिशेबावर चालतात.

काकांनी त्या दिवशी शोकेस उघडून कंदील खाली काढला, तेल घातलं आणि खोलीतले दिवे घालवले. वात त्यांनी इतकी बारीक केली की मोहरीएवढा पिवळा ठिपका उरला. मग कंदील सरळ धरून, जराही हिसका न देता, छताच्या दिशेनं हळूहळू वर नेला. घाई केली तर ज्योत हलते आणि टोपरं दिसत नाही, असं ते म्हणाले. आणि दिव्यात गॅस पेटून आतली जाळी निळ्या ज्वाळेनं भरली तर? झटकायचं नाही, फुंकायचं नाही, पळायचंही नाही. अलगद खाली आणायचा, अंगरख्याखाली घेऊन गुदमरवायचा आणि चांगल्या हवेकडे चालत यायचं. हे सांगताना त्यांचा डावा हात आपोआप सदऱ्याचा काठ उचलत होता.